सातव्या टप्प्याचा खड्डा

सकाळचा फेरफटका आटोपून आलेल्या जयवंतरावांनी टीव्ही लावला आणि ते चपला न काढताच उभे राहिले. काल सातव्या टप्प्यावर ठेवलेला बेडूक आज आठव्या टप्प्यावर बसला होता.

हे अशक्य होते. मुलाने मागे ठेवलेल्या, बेडकाच्या उड्यांच्या जुन्या व्हिडिओ गेमचे तिन्ही भाग जयवंतरावांनी ड्रॉइंगशीटवर प्रमाणात उतरवले होते. पहिल्या भागात आधी उथळ खड्डा येई, मग खोल; रचनाकार खेळणाऱ्याला हात धरून शिकवी. दुसऱ्यात त्याच खड्ड्यावर सरकत्या फळ्या आल्या. तिसऱ्यात मात्र सातव्या टप्प्यावरचा खड्डा बेडकाच्या उडीपेक्षाही रुंद! 'तिसऱ्या भागाची रचना सदोष आहे', हे ते रविवारी मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर सिद्ध करणार होते. तो खड्डा कोणी ओलांडला असेल, तर व्याख्यान बुडालेच.

संशय सरळ देवव्रतवर गेला. तो शेजारी, घराची जादा किल्ली त्याच्याकडे, आणि व्याख्यानाचा विषय ऐकल्यापासून सारखा हसतही होता. पत्नी शुभाताई तर त्या वेळी भाजीला गेलेल्या असत.

पॉलिटेक्निकात शिकलेला माणूस नुसत्या संशयावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी जयवंतरावांनी शिसपेन्सिल सॅण्डपेपरवर घासली, ती पूड गेमच्या रिमोटच्या बटणांवर भुरभुरली आणि ते शांतपणे फिरायला निघाले.

कट्ट्यावर देवव्रत उशिरा आला. बोटे काळी.

"हात दाखव."

"का रे, भविष्य सांगतोस काय?"

"माझ्या घरात शिरून बेडूक पुढे कोणी नेला?"

"कुणाचा बेडूक? सकाळी सकाळी डोकं फिरलंय काय तुझं?"

"मग बोटं काळी कशी?"

सगळा कट्टा त्या बोटांकडे पाहू लागला. 'आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत', असे वर्षानुवर्षे सांगत आलेल्या देवव्रतने मान खाली घातली.

"डाय लावला, यार. झालं समाधान?"

किल्ली बाकावर आपटून तो तरातरा निघून गेला.

खजील होऊन जयवंतराव घरी आले. शुभाताईंनी पोह्यांची बशी पुढे केली. बशीच्या काठावर अंगठ्याचा करडा ठसा होता.

"शुभा... तू?"

"मग काय! भाजीला अख्खी सकाळ लागते होय?"

"पण उडी पुरतच नाही. मी मोजलीय!"

"उडी मारायचीच नाही. पडायचं."

"पडायचं?"

"अहो, पहिल्या भागात पेरू मांडलेत त्या दिशेनं वाट असते ना? तिसऱ्यात तेच पेरू खड्ड्यात उतरलेत. खाली भुयार आहे. तुम्ही नकाशात पेरू काढलेच नाहीत."

"मला ते शोभेचे वाटले," जयवंतराव क्षीण आवाजात म्हणाले.

रविवारी शुभाताई बोलल्या आणि जयवंतरावांनी ड्रॉइंगशीट धरली. पहिल्या रांगेत देवव्रत कानटोपी घालून बसला होता.

"आणि इथे बेडकानं निमूट पडायचं," शुभाताईंनी दाखवले.

"वहिनी, जयवंता परवा कट्ट्यावर तोंडावर पडला, तसंच ना?"

"तसंच भावजी. फक्त बेडकाला खाली वाट सापडते."

जयवंतरावांनी ड्रॉइंगशीट जरा वर उचलली. चेहरा झाकला जाईल, नेमकी तेवढीच.