अधिकृत गाल

थोर माणूस गेला की मागे राहिलेल्यांपुढे एक गंभीर प्रश्न उभा राहतो: आता पाहायचं कशाकडे? राजाचं सिंहासन उरतं, कवीचा टाक उरतो. विनोदी नटाचं काय उरणार? त्याने पिकवलेलं हसू लोक आधीच आपापल्या घरी घेऊन गेलेले असतात.

आप्पा गेले तेव्हा त्यांच्या चाहत्यांच्या मंडळाला हीच अडचण आली. (आप्पा म्हणजे पडद्यावरचे ते लुकडे, टकले, कायम घाईत असलेले आप्पा.) त्यांचे कपडे पुतण्याने वाटून टाकले होते आणि घर भाड्याचं होतं. मंडळाचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. पुरावा हाती आल्याशिवाय दुःखसुद्धा मान्य न करणारे. त्यांनी खूप विचार केला, आणि त्यांना गाल आठवला.

आप्पांच्या प्रत्येक सिनेमात एक थप्पड असे, आणि ती खाणारा माणूसही दर वेळी तोच असे. कधी तो घरमालक व्हायचा, कधी वेटर, कधी नवरीचा काका. थप्पड मात्र डाव्या गालावरच. स्टुडिओत त्याला 'खाऊ' म्हणत. पडद्यावर त्याचं नाव 'आणि इतर' या दोन शब्दांत मावत असे.

मंडळाने ठराव करून खाऊचा डावा गाल हे आप्पांचं अधिकृत स्मारक म्हणून जाहीर केलं. (उजव्या गालाबद्दल ठरावात उल्लेख नाही. तो खासगी समजावा.) दर रविवारी सकाळी खाऊच्या दोन खोल्यांच्या घरात पाहणी सुरू झाली. जिन्यात आवाज करू नये, गाल समोरून पाहावा, हात लावायचाच तर दोन बोटांच्या पाठीने लावावा, आणि 'मीही एक मारून बघू का' असं विचारू नये, असे नियम होते. शेवटचा नियम एका कापडदुकानदारामुळे नंतर घालावा लागला.

खरं सांगायचं तर खाऊला हे फार आवडलं. 'तुम्हाला कुठेतरी पाहिलंय' यापलीकडे आयुष्यात त्याला कोणी काही म्हटलं नव्हतं. आता लोक गालाकडे बघून कुठल्या सिनेमातली कुठली थप्पड ते तोंडपाठ सांगत, आणि हसता हसता डोळे पुसत. खाऊ रस्त्यानेही डावी बाजू लोकांकडे ठेवून चालू लागला.

"समोर बघा हो," बायको म्हणे. "एखाद्या खांबावर आपटाल, आणि मग त्या खांबाचंही मंडळ निघेल."

अशात खाऊची दाढ दुखू लागली. डावीकडची, खालची.

दातांच्या डॉक्टरांनी आत बघितलं. "पार किडलीय. काढू या." मग त्यांनी दिवा बाजूला करून चेहरा नीट पाहिला आणि हातातला चिमटा खाली ठेवला. "हा तोच गाल?"

"तोच," उघड्या तोंडाने जमेल तेवढ्या अभिमानाने खाऊ म्हणाला.

"मग मला नाही जमायचं. दाढ गेली की गाल आत बसतो. मी मंडळाचा आजीव सभासद आहे, काका. परवानगी आणा."

अर्ज समितीपुढे गेला. समितीने तो अतिशय सहानुभूतीने पुढे ढकलला. दाढ काढावी पण गाल होता तसाच ठेवावा, असं एकाचं म्हणणं पडलं. दुसऱ्याने सुचवलं, आधी उजवीकडची एक काढून बघावी, म्हणजे गाल कितपत बसतो त्याचा अंदाज येईल. निर्णय स्मृतिदिनानंतर घ्यायचं ठरलं. दाढेला तसं कळवण्यात न आल्यामुळे ती दुखतच राहिली.

स्मृतिदिनाला सभागृह गच्च भरलं होतं. खाऊ व्यासपीठावर आला आणि लोक खुर्च्यांवरून अर्धवट उठून पाहू लागले. गाल टम्म फुगून लालबुंद झाला होता.

"आठवणीने गळा भरून येतो हे ऐकलं होतं," अध्यक्ष कापऱ्या आवाजात म्हणाले. "गाल भरून आलेला आपण आज पाहतो आहोत."

टाळ्या थांबल्यावर त्यांनी खाऊला विनंती केली, की सगळ्यात जोरात बसलेल्या थपडेची आठवण सांगावी.

खाऊ गाल धरून कण्हतच उठला. पहिल्या रांगेतून बायकोचा आवाज आला, "सांगा हो एकदाचं खरं काय ते. तुमचं कण्हणं मला ऐकावं लागतं, मंडळाला नाही."

"एकही बसली नाही," खाऊ म्हणाला.

"जरा मोठ्याने," अध्यक्ष म्हणाले.

"आप्पांनी मला एकदाही मारलं नाही. हात बोटभर लांबून जायचा, मी मान फिरवायचो. आवाज मागाहून घालायचे. पहिल्या सिनेमाला दिग्दर्शक म्हणाले, खरी मारा. आप्पा म्हणाले, मग दुसरा नट शोधा, याला घरी जाऊन बायकोला तोंड दाखवायचंय. आणि शॉट झाला की दर वेळी धावत यायचे. 'लागलं नाही ना रे?' हातच लागलेला नसायचा, तरी विचारायचे. अगदी शेवटच्या सिनेमापर्यंत."



"चुकून एखादी?" अध्यक्षांनी आशेने विचारलं.

"चुकूनसुद्धा नाही."

समितीने पडद्यामागे तातडीची बैठक घेऊन, पुराव्याअभावी, गालाची मान्यता काढून घेतली. "आता काही अडचण नाही," म्हणत डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी दाढ उपटली. गाल आत बसला.

रविवारी खाऊ सवयीने दाढी करून खुर्चीत बसला. "आता कोण येतंय," तो म्हणाला.

"बरं झालं. दोनच कप टाकते," बायको म्हणाली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. रांग खाली रस्त्यापर्यंत गेली होती, आणि सर्वांत पुढे अध्यक्ष होते.

"आम्ही फेरविचार केला," ते म्हणाले. "थप्पड काय, कोणीही मारतो. पण दर सिनेमात इतक्या जवळ येऊन हात लागला नाही, अशी जागा दुसरी नाही. तीच बघायला आलोय." मग वाकून त्यांनी हळूच विचारलं, "लागलं नाही ना हो?"

मागच्यानेही तेच विचारलं. त्याच्या मागच्यानेही. खाऊ प्रत्येकाला "नाही, नाही" म्हणत राहिला, आणि हसता हसता त्याचेच डोळे वाहू लागले. बायकोने पातेलं मोठं घेतलं.

इतक्यात रांगेतल्या एका गणिताच्या बाईंनी मुद्दा काढला. "आप्पांनी मलाही कधी मारलं नाही." अध्यक्ष न्यायी माणूस. त्यांनी मुद्दा तपासला आणि तो त्यांना मान्य करावा लागला. मग जिन्यातल्या सगळ्यांची चौकशी झाली. एकालाही आप्पांची थप्पड बसलेली नव्हती. त्याच सकाळी, चहा संपायच्या आत, ठराव दुरुस्त झाला.

तेव्हा वाचकहो, आप्पांनी तुम्हालाही कधी थोबाडीत दिलेली नाही, हे तुम्हाला नाकारता येणार नाही. तुमचे दोन्ही गाल आजपासून अधिकृत आहेत. वाचताना गालाखाली घेतलेला हात तेवढा काढा. स्मारकाला टेकून बसायला मनाई आहे. आणि रविवारी सकाळी घरीच थांबा.