गोदाकाकूंचं समुद्रस्नान

गोदाकाकूंना जर्मन भाषेतलं एकच वाक्य धड येत होतं, आणि तेवढ्या एका वाक्यावर त्यांनी जर्मनीतलं अर्धं एर्लांगेन शहर जेरीला आणलं होतं. ‘वो श्टेट दास?’ म्हणजे, हे कुठं लिहिलंय?

हा प्रश्न विचारला की जर्मन माणूस चिडत नाही, विचारात पडतो. ते कुठं तरी लिहिलेलं असणार याबद्दल त्याची खात्री असते, फक्त कुठं ते त्या क्षणी आठवत नाही. काकूंनी ही मेख अचूक हेरली होती. बसचा कंडक्टर एकदा म्हणाला, बाई, एवढं मोठं गाठोडं आत आणता येणार नाही. काकूंनी प्रश्न टाकला. तो बिचारा नियमांचं चोपडं काढून चाळत बसला आणि तोवर काकूंचा थांबा आला.

चर्च बघायला गेल्या तेव्हा सवयीनं चपला बाहेर काढून आत शिरल्या. तिथला सेवक धावत आला आणि अनवाणी यायचं नाही म्हणाला. काकूंचा प्रश्न तयारच होता. सेवकानं पाद्रीबुवांना बोलावलं. पाद्रीबुवा बराच वेळ कपाळ चोळत उभे राहिले आणि म्हणाले, बायबलात लिहिलंय खरं, पण नेमकं उलटं लिहिलंय; पवित्र जागी पायताणं काढावीत असं. काकू म्हणाल्या, ‘गेनाऊ.’ म्हणजे अगदी बरोबर. हा त्यांचा दुसरा शब्द. तिसरा ‘आल्झो’. तो त्या आपल्या ‘तर मग’सारखा कुठंही पेरायच्या.

पण एक सांगायला हवं. लिहिलेलं दाखवलं की काकू निमूट ऐकायच्या. रविवारी बाल्कनीत धुणं घालायचं नाही असं शेजारी म्हणाला, काकूंनी विचारलं, त्यानं जिन्यातली छापील नियमावली दाखवली, आणि काकूंनी त्याच पावली ओलं लुगडं उचलून आत नेलं. ‘लिहिलंय ना, मग संपलं,’ म्हणाल्या. हुज्जत घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण इतक्या खुशीत हरणारं माणूस दुसरं पाहिलं नाही.

ही साठ सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी तिथं रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो, म्हणजे बराचसा वेळ काचेची भांडी धूत होतो. काकूंचे यजमान बेहेरेकाका विजेच्या सामानाच्या एका कंपनीत इंजिनियर होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू पन्नाशीच्या, मूळच्या वाईच्या. नऊवारी लुगडं, त्याखाली काकांचे लोकरी मोजे आणि वरून काकांचाच जुना ओव्हरकोट, अशा थाटात त्या बाजारात निघाल्या की सायकलवाले वळून बघायचे. दर रविवारी आम्ही मराठी पोरं त्यांच्याकडं आमटीभात खायला जायचो आणि परत निघताना आठवडाभराची बोलणी खाऊन जायचो.

काकूंच्या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. फ्राऊ लेहनर; फ्राऊ म्हणजे बाई. साठी ओलांडलेल्या, उंच, एकट्या. नवरा रशियाच्या आघाडीवर गेला तो परतला नव्हता. काकू त्यांना फ्राऊबाई म्हणायच्या आणि त्या काकूंना फ्राऊ काकू. दोघी रोज दुपारी स्वयंपाकघरात बसून गप्पा मारत. काकू मराठीत, फ्राऊबाई जर्मनमध्ये. मी एकदा मदतीला म्हणून मध्ये बसलो तर दोघींनी मला बटाटे सोलायला लावलं.

त्या हिवाळ्यात फ्राऊबाईंच्या छातीचं ऑपरेशन झालं. एक बाजू काढून टाकावी लागली. हे मला काकूंनी आमटी वाढता वाढता स्वच्छ शब्दांत सांगितलं. मी पंचविशीचा ब्रह्मचारी, मला कुठं बघावं ते कळेना, मी आमटीकडं बघत राहिलो. दवाखान्यात रोज डबा घेऊन काकू जायच्या. भेटीची वेळ संपल्यावर बसू देत नाहीत म्हणे, पण ते दारावर लिहिलेलं नव्हतं.

जखम भरली, पण फ्राऊबाई घराबाहेर पडेनात. आरशावर त्यांनी टेबलक्लॉथ टाकला. ऐन मे महिन्यातसुद्धा कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसायच्या. त्यांच्या भिंतीवर एक फोटो होता, त्या आणि त्यांचे यजमान, केस ओले, तोंडभर हसू. एकदा झाडपूस करताना काकूंनी तो चौकटीतून काढला तर खालचा अर्धा भाग मागं दुमडलेला निघाला. काकूंनी उलगडून पाहिला. मग मला बोलावून गंभीरपणे सांगितलं, ‘आल्झो, नागवीच आहेत की रे दोघं.’

मग मी फ्राऊबाईंना विचारलं आणि सगळा उलगडा झाला. लग्नानंतर दर उन्हाळ्यात हे जोडपं उत्तरेच्या सिल्ट नावाच्या बेटावर जायचं. तिथल्या एका किनाऱ्यावर सगळे कपड्यांविना पोहतात. यात वावगं काही नाही, डॉक्टर, मास्तर, पोस्टमन, सगळे सहकुटुंब येतात. यजमान गेल्यापासून फ्राऊबाई गेल्या नव्हत्या. यंदा जायचं, असं ऑपरेशनच्या आधी त्यांच्या फार मनात होतं. आता म्हणत, हे असं अंग घेऊन कुठं जाऊ?

काकूंनी ठरवून टाकलं. फ्राऊबाईंना त्या पाण्यात उतरवायचंच. फ्राऊबाई म्हणाल्या, एकटी नाही जाणार. काकू म्हणाल्या, मी येते. फ्राऊबाई घाबरून म्हणाल्या, पण तिथं कपडे काढावे लागतात. ‘तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघते,’ असं म्हणून काकू दशम्यांचं पीठ मळायला गेल्या.

काकांना त्याच आठवड्यात ऑफिसात भयंकर काम निघालं. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अरविंदा, सामान उचलायला कुणी तरी हवं. तुझ्यासारखा निर्व्यसनी मुलगा दुसरा नाही. अशा रीतीनं चारित्र्याच्या जोरावर माझी नग्न किनाऱ्यासाठी निवड झाली.

न्यूरेंबर्ग, हॅम्बुर्ग, आणि तिथून पुढं असा तो लांबलचक प्रवास. मला एकच चिंता खात होती. काकूंनी फोटो पाहिला होता, पण फोटोत दोनच माणसं. तिथं शेकडो असतील याची त्यांना कल्पना आहे की नाही? हॅम्बुर्ग सोडल्यावर मी धीर करून सुरुवात केली, की काकू, तिथं म्हणजे, लोक जरा… काकूंनी माझ्या हातात दशमी दिली आणि म्हणाल्या, ‘आपल्याकडं कुंभमेळ्याला साधू बघितलेत मी. खा तू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या किनाऱ्याच्या तोंडाशी पोचलो. फ्राऊबाई अंगाभोवती जाड झगा आवळून, काकू हिरव्या काठाच्या लुगड्यात, आणि मी दोघींच्या पिशव्या घेऊन. वाळूच्या टेकाडाआडून रखवालदार आला. डोक्यावर अधिकाराची निळी टोपी आणि गळ्यात शिट्टी. बाकी काही नाही. आमचं सगळं संभाषण मी त्या टोपीकडं बघत केलं.

तो म्हणाला, मोठ्या बाई झगा काढून जाऊ शकतात, पण या बाईंना असं जाता येणार नाही. काकूंनी खांद्यावरचा पदर सावरला आणि प्रश्न विचारला. वो श्टेट दास?

त्या माणसाचा चेहरा उजळला. बहुधा आयुष्यात प्रथमच त्याला हा प्रश्न कुणी विचारला होता आणि त्याच्याजवळ उत्तर होतं. त्यानं आम्हाला एका फलकापाशी नेलं. फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या किनाऱ्यावर पोहण्याचा पोशाख घालण्यास सक्त मनाई आहे.

लिहिलेलं होतं. म्हणजे काकू आता मान तुकवणार, परत फिरणार, आणि त्यांच्याशिवाय फ्राऊबाई एक पाऊल पुढं टाकणार नाहीत. इतक्या लांब येऊन फलकापाशी सगळं संपणार. फ्राऊबाईंनी तर झग्याची गाठ आणखी घट्ट केली होती.

काकूंनी माझ्याकडून तो मजकूर शब्दन् शब्द मराठीत करून घेतला. क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, ‘त्याला सांग, हा पोहण्याचा पोशाख नाही. हे लुगडं आहे. यात मी स्वयंपाक करते, यात बाजारात जाते, यात देवळात जाते. पोहायला म्हणून मी हे एक दिवसही नेसले नाही.’

मी सांगितलं. रखवालदार टोपी मागंपुढं करू लागला. एव्हाना बरीच मंडळी जमली होती आणि मला बघायला सुरक्षित जागा उरली नव्हती. त्यांच्यातून एक म्हातारे गृहस्थ पुढं आले. ते निवृत्त न्यायाधीश निघाले. अंगावर फक्त चष्मा. त्यांनी फलक वाचला, लुगड्याचं नीट निरीक्षण केलं आणि मला विचारलं, हे वस्त्र खास पोहण्यासाठी शिवलेलं आहे काय? मी म्हटलं, मुळात शिवलेलंच नाही. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला की मनाई पोहण्याच्या पोशाखाला आहे, हा तो पोशाख नव्हे, सबब बाईंना आत जाता येईल.

‘गेनाऊ,’ काकू म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रखवालदारानं चक्क सलाम ठोकला आणि मग त्याची नजर माझ्याकडं वळली. मी शहाणपणा करून पँटच्या आत पोहण्याची चड्डी घातली होती. तिची निळी किनार वर दिसत होती. मी आशेनं काकूंकडं पाहिलं.

‘लिहिलंय बाबा,’ काकू म्हणाल्या. ‘काढ.’

मी टेकाडाआड जाऊन चड्डी काढली आणि पँट, शर्ट, बूट, सगळं पुन्हा चढवून आलो. कारण पँटबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. मग एका वेताच्या खुर्चीत समुद्राकडं पाठ करून बसलो. शेकडो नागड्या माणसांत बुटांच्या नाड्या बांधलेला मी एकटा.

किनारा जिंकला, पण खरं काम पुढंच होतं. पाण्याच्या कडेला जाऊन फ्राऊबाई थांबल्या त्या थांबल्याच, हे मला नंतर काकूंनी सांगितलं. झग्याची गाठ सुटेना. त्या हळूच म्हणाल्या, फ्राऊ काकू, चला घरी जाऊ. मला पाठमोऱ्यालासुद्धा त्यांचा आवाज कापरा झालेला कळला, आणि फार वाईट वाटलं.

काकूंनी समजूत घातली नाही. कासोटा घट्ट केला आणि सरळ पाण्यात चालायला लागल्या. त्यांना पोहता येत नव्हतं. वाईला घाटाच्या पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करायची, एवढाच त्यांचा पाण्याशी परिचय. कमरेइतक्या पाण्यात वळून त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, ‘या फ्राऊबाई.’ तेवढ्यात मागून लाट आली आणि काकू दिसेनाशा झाल्या.

गलका ऐकून मी वळलो आणि बुटांसकट धावलो. पण माझ्या आधी फ्राऊबाई पाण्यात शिरल्या होत्या. झगा वाळूत पडला होता. त्यांनी काकूंच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, आणि मग दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या. सुटलेला पदर लाटांवर लांबवर पसरला होता. सबंध किनारा टक लावून बघत होता, पण फ्राऊबाईंकडं कुणीच बघत नव्हतं. सगळे लुगड्याकडं बघत होते.

फ्राऊबाई मग हात मारत दूरवर पोहत गेल्या. त्या इतकं सुंदर पोहतात हे मला माहीत नव्हतं. परत येऊन त्या उन्हात आडव्या झाल्या, झगा न घालता. काकूंनी भर वाळूत उभ्या उभ्या ओलं लुगडं सोडून कोरडं नेसून दाखवलं, आणि तेही इंचभर अंग न दिसता. अंगावर लपवण्यासारखं काही न उरलेली ती माणसं ते कसब बघायला गोळा झाली. न्यायाधीशांनी पुन्हा करून दाखवायची विनंती केली. काकूंनी ती फेटाळली.

परतीच्या दिवशी गाडी त्या बेटाकडून समुद्रात घातलेल्या बांधावरून चालली होती. संध्याकाळ झाली तरी ऊन होतं. फ्राऊबाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. गळ्याचं बटण उघडं होतं आणि नाक उन्हानं लाल झालं होतं. मी काकूंना म्हटलं, जिंकलात तुम्ही. काकू हसल्या नाहीत.

‘आमच्या आक्काला हेच झालं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘माझी थोरली बहीण. गाठ आली तेव्हा न्हाणीघरात नेऊन मला एकटीला दाखवली. म्हणाली, डॉक्टर पुरुष आहे, मी नाही त्याच्यापुढं पदर काढणार. शपथ घातली मला. मी नाही बोलले कुणाला. मग ती गेली. ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही मी.’

फ्राऊबाई जाग्या झाल्या होत्या. काकूंच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी मला विचारलं, काय म्हणतात त्या?

मी काही नाही म्हणणार होतो. काकूंनी माझा हात धरला. ‘सांग तिला,’ म्हणाल्या. ‘सगळं सांग. मला नाही येत तेवढं.’

मग मी सांगितलं. माझं जर्मन प्रयोगशाळेतलं, आम्ल आणि क्षारांचं. त्यात हे सांगताना मी ठिकठिकाणी अडखळलो. फ्राऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दुःख झालं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. उठून काकूंच्या शेजारी येऊन बसल्या आणि एवढंच विचारलं, नाव काय होतं त्यांचं?

हा प्रश्न काकूंना मी मराठीत सांगायच्या आधीच कळला.

‘द्वारका,’ काकू म्हणाल्या.

फ्राऊबाईंनी ते नाव उच्चारून पाहिलं. जमलं नाही. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा म्हणायला लावलं. दोन्ही बाजूंनी पाणी लखलखत होतं, गाडी चालली होती, आणि त्या दोघी माझ्यासमोर बसून आक्काचं नाव पुन्हा पुन्हा मोठ्यानं घेत होत्या.