सुटलेली जळू

"नजर काढायची नाही. शिंक आली तरी डोळे उघडे ठेवून शिंकायचं," सिस्टर म्हणाली आणि सुताराच्या बोटावर जळू लावून दुसऱ्या रुग्णाकडे गेली.

सुताराच्या बायकोने मान हलवली, तीही नजर न काढता. नवऱ्याच्या डाव्या हाताची तर्जनी वर्कशॉपमधल्या गोल करवतीने मुळाशीच उडवली होती. प्लास्टिक सर्जनने ती परत जोडून दिली होती खरी, पण बोटात गेलेलं रक्त बाहेर यायला वाट सापडत नव्हती. नव्या शिरा मोकळ्या होईपर्यंत ते साचलेलं रक्त जळवांनी ओढून काढायचं, नाहीतर बोट जागच्या जागी गुदमरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जळू चिकटल्यापासून त्या जांभळ्या बोटाच्या टोकाला कुठे जराशी गुलाबी झाक येऊ लागली होती. बायको जळूकडे अशी बघत होती, जणू दूध तापायला ठेवलं आहे.

बाकीचे नियमही काही कमी नव्हते. खोली गरम ठेवायची, पंखा बंद, चहा बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रुग्णाच्या मनाला त्रास नको. माणूस चिडला, घाबरला की रक्तवाहिन्या आवळतात आणि बोट हातचं जातं.

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि सुताराचे सासरे आत आले.

सासरे निवृत्त जेलर होते. निवृत्त फक्त कागदोपत्री. आवाज अजून बराकीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेल असाच होता. सुताराशी लग्न केल्यापासून मुलीवर त्यांचा राग होता आणि करवतीचा प्रकार कळल्यावर ते आपल्या बायकोला सांगून निघाले होते, "आज सोक्षमोक्षच लावतो."

दारातच ते थबकले. "आधी तो हात झाक."

त्यांना रक्त बघवत नसे. मुलगी लहानपणी सायकलवरून पडली, तेव्हा तिच्या गुडघ्याला औषध लावायच्या आधी शेजाऱ्यांना बाबांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं होतं. तिने घाईघाईने नवऱ्याच्या हातावर टॉवेल टाकला आणि कडा नीट खोचून घेतल्या. बाबा कॉटशेजारच्या खुर्चीत बसले.

"ही खोली आहे का भट्टी?" म्हणत त्यांनी बूट काढले, मोजे काढले, बुटात कोंबले आणि पाय कॉटखाली लांबवले. "हं. जावईबापू, आज एक बोट गेलं. आता बाकीच्यांचा काय बेत आहे?"

"गेलं नाही बाबा, जोडलंय," मुलगी म्हणाली. "आणि जरा हळू बोला ना. त्याला चिडून चालत नाही."

"मी त्याच्या भल्याचंच बोलतोय. माझ्या मित्राच्या गोदामात कारकुनाची जागा आहे. पंख्याखाली बसायचं, पावत्या फाडायच्या. पेनानं कुणाचं बोट तुटल्याचं अजून ऐकलं नाही मी."

सुताराने डॉक्टरांचे शब्द आठवले आणि चेहऱ्यावर हसू आणलं. "बरोबर आहे, बाबा."

"ही लाकडं तासण्याची कामं अडाण्यांची!"

"बरोबर आहे, बाबा."

"हसतोस काय? मी काय विनोद सांगतोय?" अहो-जाहो सुटलं होतं.

सुतार आणखी हसला. त्याच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती. ती बघून बायको मध्ये पडली. गोदामाचं नंतर बघू, पगाराचं नंतर बघू, आईची तब्येत कशी आहे, असं काय काय बोलत तिने बाबांना थोपवलं आणि ते खिडकीकडे वळताच टॉवेलची कड उचलून आत डोकावली.

बोट होतं. जळू नव्हती.

तिने टॉवेलखाली हात फिरवला. चादर चाचपली. मग घंटी दाबली आणि दाबूनच धरली.

सिस्टर धावत आली. बायको तिच्या कानाशी लागली. सिस्टरचा रंग आधी उतरला आणि मग ती दातांवर दात ठेवून पुटपुटली, "अहो, शेवटची होती ती! नव्या उद्या येणार. डॉक्टर राउंडला निघालेत. मी काय सांगू त्यांना? फिरायला गेली?"

"काय कुजबुज चाललीय?" जेलरने विचारलं.

खरं सांगितलं असतं तर बाबा तिथेच आडवे झाले असते. मुलीच्या तोंडून निघून गेलं, "कानातलं हरवलंय."

"एवढंच ना?" जेलर ताठ उभे राहिले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्या जोगतं काम काढलं होतं. "माझ्या तुरुंगातून उंदीरसुद्धा मला न विचारता बाहेर गेला नाही. दार लावा! कुणी जागचं हलायचं नाही." मग ते मुलीकडे वळले आणि त्यांचे डोळे बारीक झाले. "पण तुझी तर दोन्ही कानांत आहेत."

"माझं हरवलंय!" सिस्टर म्हणाली.

"रंग?"

"काळा. थोडासा हिरवट."

"केवढं?"

सिस्टरने करंगळी दाखवली.

"एवढं लांब? लोंबणारं?"

"हो... म्हणजे, पोट भरेपर्यंत," सिस्टर बोलून गेली आणि जीभ चावली.

"म्हणजे?"

"मन भरेपर्यंत घालायचं, असं म्हणतायत त्या," मुलगी म्हणाली. "फॅशन आहे, बाबा."

झडती सुरू झाली. जेलरसाहेबांनी सिस्टरला खिसे उलटे करायला लावले. थर्मामीटर, दोन पेनं आणि अर्धं बिस्किट निघालं. उशीचा अभ्रा काढला, गादीचं एक टोक सुतारासकट वर उचललं, औषधांचा ट्रे खालून तपासला. या दोघी त्यांच्या मागोमाग वाकून वाकून पाय टाकत होत्या, कारण जळू पायाखाली सापडली तर संपलंच. मुलगी दोनदा कॉटखाली शिरून आली.

"अगं," सुतार हसू तसंच ठेवून ओठांतल्या ओठांत म्हणाला, "बोट ठणकतंय."

तिने टॉवेलची कड वर केली. गुलाबी झाक गेली होती. बोट पुन्हा वांग्यासारखं दिसत होतं. याच हातांनी त्याने तिला पहिल्या घरात पलंग करून दिला होता, एक खिळा न वापरता. ती टॉवेल परत खोचत म्हणाली, "काही नाही. छान आहे," आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. सिस्टरने डोळे मिटले.

"आता फक्त मी उरलो," जेलर जाहीर करते झाले. "नियम सगळ्यांना सारखा. माझ्या तुरुंगात झडतीच्या वेळी मी स्वतःचेही खिसे दाखवायचो." त्यांनी खिसे उलटे केले. "कानातलं कधी कधी पॅंटच्या दुमडीत पडतं." त्यांनी उजवा पाय कॉटच्या दांडीवर ठेवला आणि पॅंट वर ओढली.

घोट्याच्या वर, पोटरीला, काळी, तुकतुकीत आणि आता चांगली अंगठ्याएवढी झालेली जळू निवांत लोंबत होती.

"हे... हे कानातलं?" जेलरने क्षीण आवाजात विचारलं.

तेवढ्यात तृप्त झालेली जळू टपकन खाली पडली आणि तिच्यामागून रक्ताचा एक ओघळ पायावरून निघाला. जेलरसाहेबांनी तो पाहिला. त्यांचे डोळे वर गेले, आधाराला त्यांनी हाताला लागेल ते पकडलं, तो जावयाच्या हातावरचा टॉवेल निघाला, आणि टॉवेलसकट ते खाली आले. येताना हनुवटी कॉटच्या लोखंडी दांडीवर आपटली.

"सापडली!" सिस्टर आनंदाने ओरडली आणि आधी जळूकडे धावली.

डॉक्टर आत आले तेव्हा रुग्ण कॉटवर बसून हसत होता, त्याची बायको वडिलांना हाका मारत होती आणि सिस्टर जमिनीवर रांगत होती. डॉक्टरांनी जेलरला शेजारच्या रिकाम्या कॉटवर घेतलं आणि हनुवटीला टाके घातले. एकाला लावलेली जळू दुसऱ्याला चावली म्हणून रक्ततपासणी लिहून दिली, शिवाय औषधं. जळू चावलेल्या जागेचं रक्त लवकर थांबत नाही, म्हणून पोटरीला जाडजूड पट्टी बांधली. हे सगळं होईपर्यंत जेलरसाहेब दोनदा शुद्धीवर आले आणि पट्टीकडे बघून दोनदा परत गेले.

"डॉक्टर," शेवटी सुतार म्हणाला, "माझ्याकडे कुणी बघणार आहे का?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. टॉवेल ओढला गेला तेव्हापासून त्याचं बोट उघडंच होतं. जळूने केलेल्या बारीकशा जखमेतून रक्त थेंबथेंब झिरपत होतं. आणि बोट गुलाबी होतं, अगदी शेजारच्या बोटासारखं. डॉक्टरांनी टोक दाबून सोडलं. पांढरं झालं, मग रंग परत आला.

"जळू सुटली तरी जागा अशीच झिरपत राहायला हवी. रक्ताला तीच वाट," डॉक्टर म्हणाले. "हा टॉवेल एवढा घट्ट कुणी खोचला होता? त्यानंच कोंडलं होतं सगळं."

बायको मटकन स्टुलावर बसली. या वेळी तिने डोळे पुसले ते सगळ्यांसमोर.

डॉक्टर गेले आणि थोड्या वेळाने सासूबाई आल्या. "बाबा पडले, लवकर ये," एवढंच मुलीने फोनवर सांगितलं होतं. दारातून त्यांना दिसलं ते असं: ज्याला बघायला आपला नवरा आला होता तो जावई कॉटवर आरामात बसला आहे आणि भांडायला आलेला नवरा हनुवटीला एक, पायाला एक अशा पट्ट्या बांधून आडवा पडला आहे.

"अगं बाई!" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "जावईबापू! हात उचललात तुम्ही?"

"आई, तसं काही नाही, अगं एक—"

"थांब," कॉटवरून आवाज आला.

जेलरसाहेब छताकडे बघत होते. अख्ख्या आयुष्यात नामचीन गुंडांना त्यांनी नुसत्या नजरेने खाली बसवलं होतं. आणि आज त्यांना कुणी खाली पाडलं, हे बायकोला कळलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळणार होतं. त्यांनी बराच वेळ दोन्ही बाजू तोलून बघितल्या.

"उचलला," ते म्हणाले. "चूक माझीच होती. मी नाही नाही ते बोललो."

सुताराचं हसू प्रथमच गळून पडलं. "बाबा, मी कधी—"

"गप रे! तू कशाला कमीपणा घेतोस?"

"पण त्यांचा एक हात तर जायबंदी आहे," सासूबाई म्हणाल्या.

"एकाच हातानं! लाकूडकाम करून कमावलेला हात आहे तो." जेलरसाहेबांच्या आवाजात जरा जीव आला. "असा माणूस कुणी पावत्या फाडायला बसवतं का? मी मित्राला नाही म्हणून कळवतो आजच."

मुलगी आणि सिस्टर, दोघी खिडकीबाहेर बघायला लागल्या. दोघींचेही खांदे हलत होते.

सासूबाईंनी जावयाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी नवऱ्याची कॉट दोन्ही हातांनी धरून जावयापासून लांब, भिंतीकडे चांगली हातभर सरकवली आणि अतिशय अदबीने विचारलं, "दुसरा हात बरा व्हायला अजून किती दिवस लागतील हो, जावईबापू?"