पाइपची एकसष्टी

मुलांनो, एका जंगलात नळ आला होता. जंगलात नळ कशाला, असं विचारू नका. नदीत मगर होती म्हणून. डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी पाइपातून खाली यायचं आणि प्राणी सुखाने प्यायचे. नळ सोडायचं काम साळूबाई नावाच्या साळिंदराकडे होतं.

पौषातल्या एका सकाळी साळूबाईला गवतावर पांढरं काहीतरी दिसलं. उचलून पाहिलं तर बर्फ! पाइपातलं पाणी गोठलं की फुगणार, फुगलं की पाइप फुटणार, आणि मग हंडा घेऊन मगरीच्या दारात जायचं. मागे एक ससा असाच गेला होता. हंडा तेवढा परत आला.

ती धावत सिंहाकडे गेली. "महाराज, आज दिवस मावळायच्या आत पाइपला काहीतरी गुंडाळायला हवं. पाला सगळा माकडांनी अंथरायला नेलाय. तुमच्या गुहेत शालींचा ढीग आहे, त्यातल्या अकरा द्या."

सिंह दचकला. दर महिन्याला त्याचा सत्कार व्हायचा, त्या शाली होत्या त्या.

"शाल अशी देता येत नाही, साळूबाई. शाल घालायची तर सत्कार हवा."

"मग करा की पाइपचा सत्कार!" साळूबाई वैतागून म्हणाली.

झालं! सरचिटणीस रानडुकराने लगेच वही उघडली.

"वय?"

"तीन वर्षं."

"मग नाही जमायचं. निदान एकसष्टी तरी हवी."

"एकसष्टच आहे," साळूबाई म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण डोळ्यांसमोर मगर होती.

दुपारी अर्ध्या डोंगरावर पाइपशेजारी मांडव घातला. पाइपला फेटा बांधला. नारळ मिळेना, कवठावर भागवलं. मग भाषणं सुरू झाली. जो उठेल त्याचे पाइपशी घरचे संबंध निघाले. हत्ती म्हणाला, पाइपसारखा सरळमार्गी कोणी पाहिला नाही. माकड म्हणालं, आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी दिलं, स्वतः थेंबभर ठेवलं नाही. ऊन उतरू लागलं.

"डुकरराव, शाली आधी घाला हो! गार पडायला लागलंय."

"कार्यक्रमपत्रिकेत शाल अध्यक्षीय भाषणानंतर आहे."

अध्यक्ष अर्थातच सिंह. तो सूर्य टेकेपर्यंत बोलला. मग टाळ्यांच्या गजरात त्याने पाइपला अकरा शाली घातल्या. साळूबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सिंहाने त्या एकेक करून काढल्या आणि घडी घालून बाजूला ठेवल्या.

"अहो, हे काय करताय?"

"सत्कारमूर्तीने शाल लगेच उतरवून ठेवायची असते. पाइपला हात नाहीत, म्हणून मी उतरवली. विनय दिसायला नको?"

मग सगळे सत्काराला उत्तर ऐकायला सरसावून बसले. पाइप गप्प. गारठा वाढत गेला, तरी कोणी उठेना. शेवटी पाइप बोलला.

"कड्ड!"

"दाटून आलं बघा त्याला," हत्तीने डोळे पुसले. "इतक्या थोडक्यात कोणी आटोपलेलं मी ऐकलं नव्हतं."

साळूबाई ढसाढसा रडली. सगळ्यांना वाटलं, भाषण आवडलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसं सगळं पाणी अर्ध्या डोंगरावरच वाहून गेलं. नळ कोरडा. सिंहाने सभा बोलावली. काही म्हणा, तो मोठ्या मनाचा होता. त्याने चूक कबूल केली.

"काल शाली काढायला नको होत्या. पुन्हा असं होणार नाही. आता पाणी नदीवरून आणायचं. साळूबाईच्या अंगावर काटे आहेत, तिला मगर तोंड लावणार नाही. तेव्हा तीच जाईल. एवढं मोठं काम करणार, म्हणून आधी तिचा सत्कार!"

अकराच्या अकरा शाली साळूबाईला करकचून गुंडाळल्या गेल्या.

"महाराज, काढा हो या! माझे काटे झाकले गेले!"

"छे छे, एक चूक आम्ही दोनदा करत नाही," सिंह म्हणाला, आणि त्याने तिच्या हातात हंडा दिला.

ऐन थंडीत इतकं ऊबदार जेवण मगरीला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

तात्पर्य : चुकांतून शिकणाऱ्यांपासून चार हात लांब राहावे.