पोटावरचा काळा हात

हेमाला सातवा महिना होता आणि कालपासून बाळ हललं नव्हतं. रविवार असल्याने कोपऱ्यावरचा दवाखाना संध्याकाळीच उघडणार होता. तोवर तिचा नवरा उत्तम गप्प बसेल तर ना.

उत्तम एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. तापलेल्या वायरी शोधायला तिथे आणलेला कॅमेरा त्याने साहेबांच्या नकळत घरी आणला होता. पडद्यावर गरम ते पांढरं, गार ते काळं. बाळ ठीक असेल तर पोट पांढरं दिसेल, असं त्याने मनाशी धरलं.

हे आईला, हौसाबाईंना, कळणं बरं नव्हतं. पोटाला यंत्र लावू नका, असं त्यांचं म्हणणं; सोनोग्राफी केल्यावरून सासूसुनेत महिनाभर अबोला होता. "तुझ्या बायकोला सांग, दूध पी," असं स्वयंपाकघरातून यायचं. "सांगा तुमच्या आईंना, प्यायले," असं पलंगावरून जायचं.

बाहेरच्या खोलीत कॅमेरा जुळवून उत्तम आत आला. हेमा झोपेत होती. त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, मग पलंगाकडे, मग पुन्हा पडद्यावर.

हेमाच्या पोटावर काळा हात होता. पाचही बोटं पसरलेली. शेजारी गादीवर कुणीतरी बसल्यासारखा पांढरा आकार होता, आणि तो हळूहळू विरत चालला होता. पलंगावर दुसरं कुणी नव्हतं.

"काय दिसतंय?" हेमा जागी झाली आणि तिनेही पडदा पाहिला. "अहो, हे कोण बसलंय माझ्याजवळ?"

हौसाबाई दारात आल्या. त्यांनी पडदा निरखून पाहिला.

"तुझा बाप आला आसंल," त्या म्हणाल्या. "नातवाला बघाया."

बाप जाऊन तीन वर्षं झाली होती. बाळाला न्यायला आला की काय, असं उत्तमच्या मनात आलं. त्याने रिक्षा आणली, दोघींना बसवलं आणि डॉक्टरीणबाईंच्या घराचीच बेल वाजवली.

बाईंनी पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "ठोके छान आहेत. झोपलं असेल."

उत्तमने हाताचं सांगितलं. त्या हसल्या. "तो कॅमेरा वरचंच बघतो हो. कुणाचा तरी ओला हात लागला असेल, गारवा काळा दिसतो. बसून उठलं की ऊबही मागे राहते."

दोघांनी हौसाबाईंकडे पाहिलं. त्या कोरडेच हात पदराला पुसत होत्या.

"तांदूळ धुत हुते," त्या म्हणाल्या. "जीव ऱ्हाईना, म्हणून आले. चांगली लाथ मारली की त्यानं."

"मग आत्या, मला उठवून सांगायचं ना," हेमा म्हणाली.

"कसं सांगू? आपलं बोलणं कुठं हाय?"