आसन विचाराधीन आहे

आमच्या घरी एक मोटारसायकल आहे आणि तिच्या आसनाचा प्रश्न चौदा महिने विचाराधीन होता. प्रश्न गंभीर होता. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, मध्येच कुणी हसलेलं आमच्या ह्यांना खपत नाही.

गाडी मूळची माझ्या दादाची. तेवीस वर्षं त्याने ती घाटातून, चिखलातून, कुठून कुठून चालवली. मग त्याच्या डोळ्यांच्या नसा सुकू लागल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, यावर औषध नाही, वर्षभरात सगळं मावळेल. दादाने दुसऱ्याच दिवशी गाडी ट्रकवर चढवून आमच्याकडे पाठवली आणि मला फोन केला.

"चिमे, गाडी आता दाजींची. फक्त एक कर. एकदा दोघं तिच्यावर बसून इकडे या. वळणावरून ती येताना मला बघायचीय. मी जन्मभर तिच्यावरच बसलेलो, येताना कशी दिसते ते कधी बघितलंच नाही गं."

अंतर नऊशे किलोमीटर. रमतगमत गेलं तरी दोन दिवस. मी त्याच संध्याकाळी पिशवी भरून दाराशी ठेवली.

पण आमचे हे एका मोठ्या कार्यालयात खरेदी विभागाचे मुख्य कारकून आहेत. तिथे टाचण्यांची डबी घ्यायची तरी तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता आणि चाचणी अहवाल लागतो. ही तिन्ही कागदपत्रं जमली की ती एकत्र टाचायला टाचणी नसते. सव्वीस वर्षं असं वागलेला माणूस घरी येऊन वेगळं काय वागणार? रविवारी ह्यांनी गाडी शहराबाहेर चाळीस किलोमीटर फिरवून आणली, कमरेत वाकून घरात आले आणि उभ्याउभ्याच एक कागद लिहून माझ्या हातात ठेवला: ‘मूळ आसन दीर्घ प्रवासास अयोग्य. सुयोग्य पर्यायी आसनाची निवड होईपर्यंत प्रवास स्थगित ठेवण्यात येत आहे.’

"अहो, दादा तेवीस वर्षं ह्याच आसनावर बसला," मी म्हटलं.

"त्याची कुठे नोंद आहे का?"

नोंद नव्हती. झालं, दादाची तेवीस वर्षं बाद.

पुढच्याच आठवड्यात हे ‘दूरपल्ला स्वार मंडळा’चे सभासद झाले. मंडळाची सभा दर रविवारी टायरच्या दुकानामागच्या खोलीत भरते. अध्यक्षांना सगळे ‘लाखकिलोमीटर’ म्हणतात. ते सभेला रिक्षाने येतात, कारण त्यांची गाडी तीन वर्षांपासून आसन बदलायला दिलेली आहे. सभासद बावीस. प्रत्येकाकडे हातमोजे आहेत, गुडघ्याच्या ढाली आहेत, नळीतून पाणी प्यायची पाठपिशवी आहे. कुठे जाऊन आलेला मात्र एकही नाही. म्हणजे एक होता. तो जुन्याच आसनावर घरची उशी बांधून समुद्रापर्यंत जाऊन आला. त्याला शिस्तभंगाबद्दल काढून टाकलं.

एकदा मीही सोबत गेले होते. "प्रवास म्हणजे रस्ता नव्हे," लाखकिलोमीटर टेबलावर मूठ आपटून सांगत होते. "प्रवास म्हणजे माणूस आणि गाडी यांच्यामधला संपर्कबिंदू! तो चुकला की सगळं चुकलं." बावीस जणांनी माना डोलावल्या. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ही मंडळी सलग तीन तास बसली होती आणि एकाचंही काही दुखत नव्हतं.

सीट बनवणारा कारागीर तेवढा सरळ माणूस भेटला. "साहेब, फोम दोनच प्रकारचा," तो म्हणाला. "एक दुकानात बसल्यावर बरा वाटतो, एक चौथ्या तासाला बरा वाटतो. कुठला टाकू?"

"दोन्हींची लेखी तुलना द्या."

त्याने माझ्याकडे बघितलं. "वहिनी, साहेबांना जायचंय कुठे?"

"माझ्या भावाकडे."

"मग जा की!"

ह्यांनी त्याला अपात्र ठरवलं. शेरा असा, की पुरवठादार विषयाबाहेर बोलतो.

मग आसनं घरपोच येऊ लागली. त्याआधी बैठकीचा ठसा हवा होता, म्हणून मी मळून ठेवलेली परातभर कणीक घेऊन हे तिच्यावर बसले. ठसा मंडळाकडे गेला, जेवण बाहेरून आलं. पहिलं आसन जेलचं. त्याच्यासोबत अट होती: तीस दिवसांत परत घेऊ, मात्र आसन रस्त्यावर वापरलेलं नसावं. आता बघा. रस्त्यावर नेल्याशिवाय आसन कळत नाही, आणि नेलं तर परत होत नाही. साध्या माणसाने इथे कपाळाला हात लावला असता. ह्यांनी गाडी पुढच्या खोलीत आणली.

सोफा गॅलरीत गेला. गाडी मधल्या स्टँडवर उभी राहिली, समोर वाऱ्यासाठी टेबलफॅन. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे घालून हे सकाळी सातला ‘निघायचे’. दर दोन तासांनी उतरून स्वयंपाकघरात यायचे आणि परक्यासारखं विचारायचे, "काही गरम मिळेल का?" जेलचं आसन खिडकीतल्या उन्हाने तापलं, परत पाठवलं. हवेच्या कप्प्यांचं आसन डुललं आणि हे डावीकडे शोकेसवर कोसळले. माझे सहा ग्लास फुटले. अहवालात आलं, ‘वळणावर अस्थिर’. रुंद फोमच्या आसनावरून ह्यांचे पाय फरशीला टेकेनात, तर फरशीच्या उंचीबद्दल पत्र लिहिण्याचा विचार झाला.

अधूनमधून दादाचा फोन यायचा.

"काय गं, निघालात का?"

"आसन ठरतंय, दादा."

"बरं बरं. इथे समोरच्या टेकडीवरचं झाड आज दिसलं नाही. धुकं असेल."

"धुकं पडलंय का?"

"तुझी वहिनी म्हणते, नाही पडलेलं." मग म्हणाला, "तू बसने ये की. तुमच्याकडून सकाळी सहाला सुटते ना?"

"छे, गाडीवरूनच येणार. तुला बघायचीय ना ती?"

सातव्या आसनाच्या वेळी मागच्या सीटची चाचणी निघाली. मागच्या सीटवर कोण? मीच. नऊशे किलोमीटर, ताशी साठ, म्हणजे पंधरा तास. मी खूप वाद घातला. "तुझ्याच भावाकडे जायचंय," हे म्हणाले. मग काय, हेल्मेट घालून बसले ह्यांच्या मागे, मांडीवर शेंगांची टोपली घेऊन. दुपारी शेजारीण दार ढकलून आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"अगं बाई! कुठे निघालात?"

"दादाकडे," मी म्हटलं.

"पोहोचलात की फोन करा हं," ती म्हणाली आणि दार हळूच लावून गेली. तिला बिचारीला दुसरं काय सुचणार!

ह्यानंतर दादाचे फोन थांबले. आता वहिनीच करायची. "त्यांना उजेड कळतो," ती सांगायची. "खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. तुम्ही या लवकर." मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी प्रकरणावर ‘तातडीचे’ असा लाल शिक्का मारला. तातडीच्या प्रकरणांना त्यांच्याकडे वेगळा गठ्ठा असतो, आणि तो सगळ्यात खाली असतो.

गेल्या महिन्यात आसन ठरलं. अकरावं. अहवाल एकशे बारा पानी झाला. मंडळाने ह्यांचा सत्कार केला. प्रवासाची तारीख ठरवायला तिघांची समिती नेमली, आणि त्याच आठवड्यात दारावरची घंटा वाजली.

दारात दादा उभा होता, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून. रात्रभर बसमध्ये बसून आला होता. "तुम्ही येईनात, म्हटलं आपणच जावं," तो हसून म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात तो माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघत होता. मला रडू आवरेना.

आत येताना त्याचा गुडघा गाडीला लागला. त्याने हाताने चाचपलं आणि टाकी ओळखली. "ही घरात कशी?"

"चाचणी चालू होती," हे म्हणाले.

दादाने आसनावरून हात फिरवला. "वा दाजी! लोण्यासारखं मऊ आहे. इकडे आल्यापासून किती चालली गाडी?"

"आठशे चाळीस तास."

"तास नव्हे हो. किलोमीटर."

हे मीटरवर वाकले. नोंदवहीतला जुना आकडा त्यातून वजा केला. "चाळीस," ते म्हणाले.

दादाने अंदाजाने पाय टाकला, वर बसला, दोन्ही हातांनी हँडल धरलं. "चिमे, बस मागे," तो म्हणाला. मी बसले. लहानपणी धरायची तसा त्याचा सदरा धरला.

"आता सांग, वळणावरून येताना कशी दिसते?"

मला काय ठाऊक? मीही तिच्यावर बसूनच राहिले होते.

दादा चार दिवस राहून बसनेच परत गेला. निघताना ह्यांनी त्याच्याकडून ‘केवळ स्पर्शावर आधारित अभिप्राय’ मागून घेतला आणि वहिनीने त्याचा हात धरून सही करवली. आता कुठे प्रकरण निकाली निघालंय. शेवटचा शेरा माझ्यासमोर आहे: ‘प्रवासाचे प्रयोजन संपुष्टात आल्याने प्रस्ताव बंद करण्यात येत आहे. तथापि आसन उत्तम आहे.’

ह्यांना काय नावं ठेवायची ती मी ठेवली, चौदा महिने ठेवली. पण सहाची बस रोज माझ्या खिडकीखालून जायची. भरलेली पिशवी दाराशी होती. मग मी का नाही गेले, असं वहिनीने मला एकदाच विचारलं. त्या बसची बाकडी फार कडक आहेत असं मी ऐकलं होतं.

असो. तुम्ही वाचताना नीट टेकून बसलात ना? कुणाकडे जायचं राहिलंय ते मध्येच आठवलं असेल, तर उठायची काही घाई नाही. आधी पाठीला एक उशी घ्या.