गाडी नसलेल्या माणसाचा स्कॅनर

माणिकअप्पांकडे गाडी नाही. कधीच नव्हती. दारात एक सायकल उभी असते, पण तिच्या मागच्या चाकात हवा नसते, कारण अप्पा सगळीकडं चालतच जातात. तरीही आमच्या गावात, मादन हिप्परग्यात, कुणाची चारचाकी त्यांच्या दारापुढं थांबली आणि पाहुणा परत निघायला लागला, की अप्पा लगबगीनं उठतात, कोनाड्यातली काड्यापेटीएवढी काळी डबी घेतात, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडतात आणि पाहुण्याच्या गुडघ्याखाली डोकं घालतात.

"अहो अप्पा, काय करायलात?"

"पाय जरा बाजूला घ्या. तपासल्याबिगर गाडी सोडायची न्हाई."

हल्लीच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली एक खाच असते. तिथं ही डबी खोचायची, चावी अर्धी फिरवायची, की इंजिनात काय दुखतंय ते मोबाइलवर दिसतं. मेस्त्री लोक तिला स्कॅनर म्हणतात. गावात ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांच्यापैकी एकाकडेही स्कॅनर नाही. तो फक्त अप्पांकडे आहे.

"नवरी न्हाई अन् मांडव घातलाय," कमळाअक्का म्हणतात. कमळाअक्का म्हणजे अप्पांची बायको. पण अप्पांचं डोकं गाडीत शिरलं की त्या आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवतात, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

अप्पांची सगळी नोकरी तालुक्याच्या गावी, आळंदच्या बसस्टँडवर गेली. बस कधी लागली, कधी सुटली, हे बघणारे ते कंट्रोलर होते. खाकी शर्ट, मनगटावर घड्याळ, गळ्यात शिट्टी. "टायम म्हंजे टायम" हे त्यांचं वाक्य कंडक्टर लोक त्यांच्या पाठीमागं त्यांच्याच आवाजात म्हणायचे. आमदाराचा माणूस बसमधून उतरून पान खायला गेला तरी शिट्टी वाजायची. एकदा तर ड्रायव्हरच खाली राहिला आणि शिट्टी वाजली, असं सांगतात, पण ते खोटं असावं.

खरी गोष्ट त्यांच्या मुलीच्या लग्नातली आहे. सुनंदाचं लग्न आळंदलाच झालं. वऱ्हाडाची बस स्टँडच्या कडेला उभी होती. सुनंदा आईच्या गळ्यात पडून रडत होती, बायका डोळे पुसत होत्या, बसचं इंजिन सुरू होतं. अप्पा त्या दिवशी रजेवर. डोक्याला फेटा, अंगात नवा शर्ट. त्यांची नजर घड्याळावर गेली, हात खिशात गेला आणि त्यांनी शिट्टी वाजवली. ड्रायव्हरनं सवयीनं क्लच सोडला. नवरीला धावत्या बसमध्ये हाताला धरून ओढून घ्यावं लागलं. ही गोष्ट आमच्या गावात प्रत्येक लग्नात सांगतात आणि लोक पोट धरून हसतात. अप्पाही हसायचे.

त्या शिट्टीचा मला मात्र फायदा झाला. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिला. कलबुर्गीच्या बसला मी एकदा लांबून धावत येत होतो. अप्पांनी मला बघितलं, मी येतोय हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी शिट्टी मारली. बस गेली. मी रडकुंडीला आलो तेव्हा म्हणाले, "बीए व्हायचंय का न्हाई तुला? मग बसच्या आधी येत जा. बस काय तुझी मावशी हाय व्हय थांबायला?" मग त्यांनी मला चहा पाजला आणि पुढच्या बसमध्ये खिडकीतून स्वतःचा रुमाल टाकून जागा धरून दिली. त्यानंतर माझी बस कधी चुकली नाही. मी बीए झालो, गावच्या शाळेत लागलो, आणि अप्पा मला तेव्हापासून नावानं हाक मारत नाहीत. "ए बीए, हिकडं ये."

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी असेच एकदा त्यांनी मला हाक मारली.

"बीए, गाडीचा ताप बघायचं मशीन मागवायचंय. परवडनारं. घरी वापरायला."

"अप्पा, गाडी कुठाय?"

"तू मशीन बघ. गाडी येईल."

शिकलेल्या माणसानं शिकलेल्यासारखं काम करावं म्हणून मी संध्याकाळी मोबाइलवर बसून स्कॅनरांचा अभ्यास सुरू केला. मोठे, मेस्त्री लोकांचे स्कॅनर होते, ते परवडण्यासारखे नव्हते. मधले होते, त्यांना वायर आणि स्वतःचा छोटा पडदा. आणि सगळ्यात खालच्या किमतीची ही डबी, जी हवेतून मोबाइलला जोडून घ्यायची. कुठला डिझेलला चालतो, कुठला जुन्या गाडीला, कुठला नुसता दोषाचा आकडा दाखवतो आणि कुठला त्याचा अर्थही सांगतो, हे मी अप्पांना समजावून सांगायचो. ते मान हलवायचे आणि शेवटी एकच विचारायचे.

"येळ किती लावतंय?"

जन्मभर घड्याळ बघितलेला माणूस, दुसरं काय विचारणार, असं मला वाटलं. मी वायरवाला, सगळ्यात चपळ स्कॅनर मागवला.

तो आला त्या रविवारी आमचे हेडमास्तर अप्पांकडे आले होते. "बर्री, कुंदर्री," असं कानडीत 'या, बसा' म्हणत अप्पांनी त्यांना लिंबाखालच्या बाजेवर बसवलं आणि गाडीत शिरले. हेडमास्तर नीट टेकले नव्हते तोवर पडद्यावर उत्तर आलं. दोष नाही.

"झालं? वा! मग निघतो मी," हेडमास्तर म्हणाले आणि खरंच गेले. कमळाअक्का तीन कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा धुरळा खाली बसत होता.

अप्पांनी वायर गुंडाळली. "बीए, ही लई हुशार हाय रे. ही नको."

मी चक्रावलो. पण मशीन परत पाठवलं आणि पुन्हा शोधायला बसलो. या वेळी अप्पा शेजारी बसून मला लोकांच्या तक्रारी वाचायला लावायचे. खालच्या किमतीच्या एका डबीवर लोक फार चिडलेले होते. मी वाचलं, "जोडायला फार वेळ लावते. मध्येच तुटते, मग पहिल्यापासून सुरू करावं लागतं."

"काय म्हनलं? परत वाच."

मी परत वाचलं.

"हीच मागव," अप्पा म्हणाले. स्वस्त आहे म्हणून म्हणत असतील, असं मी धरून चाललो. बीए झाल्यानं सगळंच कळतं असं नाही.

ती डबी आली आणि अप्पांच्या दारापुढचा काळ बदलला. डबी खोचायची, मोबाइलवर एक गोल फिरायला लागायचा. अप्पा त्याला भिंगरी म्हणत. "भिंगरी फिरायलीया, बसा जरा." मग पाहुण्याला बाजेवर बसण्यावाचून इलाज नसे. गाडीचं दार उघडं, आतून बारीक टिंगटिंग आवाज येत राहणार. लिंबाची सावली हळूहळू चाकावरून दारावर सरकणार. समोर तुरीचं शेत, त्यावर पिवळा फुलोरा, आणि दूर कुठं तरी पाण्याच्या मोटारीचा एकसुरी आवाज. घाईत आलेला माणूस सुरुवातीला चुळबुळ करायचा, मग मोबाइल खिशात ठेवायचा, मग चप्पल काढायचा. मग आपोआप बोलायला लागायचा. कुणाच्या आईच्या गुडघ्यांचं, कुणाच्या अर्ध्यावर सोडलेल्या शिक्षणाचं, कुणाच्या लहानपणीच्या एका बैलाचं. मी कितीदा तिथं बसलोय. भिंगरीकडं बघता बघता आपण बसलोय की झोपेत आहोत, हे कळेनासं व्हायचं. चहा यायचा, संपायचा, आणि भिंगरी फिरत असायची.

निदान अप्पा त्यांच्या पद्धतीनं सांगायचे. इंजिनाला हवेचा अंदाज येत नाही असा दोष निघाला, की "हिचं नाक चोंदलंय." इंजिन वेळेवर तापत नाही असं दिसलं, की "अंगात कनकन हाय, मेस्त्रीला दाखवा." एकदा गफूरभाईंच्या जुन्या जीपच्या स्टिअरिंगखाली पंधरा मिनिटं चाचपडून बाहेर आले. त्या जीपला खाचच नव्हती.

"गफूरभाई, तुमची गाडी लई जुन्या वळनाची हाय. दुखलं तरी बोलायची न्हाई."

"हौ अप्पा, घरवाली पण अश्शीच है," गफूरभाई म्हणाले, आणि आतून कमळाअक्कांचंही हसू ऐकू आलं.

सुनंदा पुण्याला असते. वर्षातून एकदा येते, येळवशीला. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्या भागात सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांची पूजा मांडायची, आणि भज्जी, उंडे, आंबिल यांवर ताव मारायचा. गेल्या येळवशीला सुनंदा आली ती स्वतः गाडी चालवत. शेजारच्या सीटवर जावई प्रकाशराव. मोठा चांगला माणूस, पण घड्याळाच्या बाबतीत थेट जुने अप्पा. उतरता उतरताच म्हणाले, "मामा, चारला निघायचं हां आम्हाला. अंधारात नको."

"व्हय, व्हय," अप्पा म्हणाले.

शेतात जेवायला बसलो तेव्हा प्रकाशरावांनी पिशवीतून एक खोका काढला. "मामा, तुमच्यासाठी. सुनंदा सांगत होती तुमच्या डबीचं. ती फेकून द्या आता. हा बघा, रंगीत पडदा, स्वतःची वायर. गाडी कुठलीही असू दे, दहा सेकंदांत निकाल!"

बायकांनी "अगं बाई" म्हटलं. अप्पांनी खोका दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, "लई छान, लई छान," म्हणाले आणि मांडीवर ठेवला. त्यानंतर त्यांचं जेवण थांबलं. आंबिलीचा पेला तसाच राहिला. ज्वारीवरून वारा येत होता, कोपीतला दिवा हलत होता, सगळे गप्पांत होते. अप्पा माझ्याकडं वाकले.

"बीए, ह्याला जरा सावकाश करता येतंय का रे?"

"म्हणजे?"

"काय न्हाई. जेव तू."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हेडमास्तरांच्या गाडीमागचा धुरळा आठवला, तीन कप आठवले, "गाडी येईल" आठवलं. गाडी वर्षातून एकदाच येत होती आणि ती चारला निघणार होती. जावयानं प्रेमानं आणलेलं मशीन तिला चारच्याही आधी मोकळं करणार होतं.

घरी परतलो. पिशव्या भरल्या गेल्या. तुरीच्या शेंगा, उंड्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी. सुनंदा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. प्रकाशरावांनी घड्याळ बघितलं.

अप्पा दारातून बाहेर आले. एका हातात नवा खोका, दुसऱ्या हाताची मूठ बंद.

"तपासल्याबिगर..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले.

"हो, हो, तपासू ना!" प्रकाशराव उत्साहानं म्हणाले. "काढा नवीन. दहा सेकंदांचं काम. तुम्हाला पण बघायला मिळेल."

अप्पा खोक्याची चिकटपट्टी नखानं काढायला लागले. निघत नव्हती. मला वाटलं, आपण पुढं व्हावं, त्याला आधी चार्जिंग लागतं असं काही तरी ठोकून द्यावं. पण आतून सुनंदा बोलली.

"ते राहू द्या हो. अप्पा, मुठीत काय हाय?"

अप्पांनी मूठ उघडली.

"तीच लावा. तिची सवय हाय गाडीला."

प्रकाशराव काही म्हणणार होते, पण सुनंदानं त्यांच्याकडं बघितलं आणि ते शेंगांची पिशवी पुन्हा बांधायला लागले. अप्पांनी तिच्या गुडघ्याखाली डोकं घातलं आणि डबी खोचली. भिंगरी फिरायला लागली. आम्ही सगळे लिंबाखाली बसलो. सुनंदा सीटवरच बसून बोलत राहिली, अप्पा उघड्या दाराला टेकून उभे. काय बोलत होते ते मला नीट ऐकू येत नव्हतं. एकदा "शिट्टी" एवढा शब्द कानावर आला आणि दोघंही हसले, पण लग्नात लोक हसतात तसे नाही. मग अप्पा दुसरीकडं, तुरीच्या शेताकडं बघायला लागले. ऊन मऊ होत होतं. धुण्याच्या दगडावर एक साळुंकी येऊन बसली आणि तिलाही जायची घाई दिसेना.

चार वाजून गेले असावेत. अप्पांनी घड्याळ बघितलं नाही.

आणि मग त्या डबीनं, आयुष्यात पहिल्यांदाच, एकाच दमात काम पुरं केलं. मध्ये तुटली नाही, काही नाही. भिंगरी थांबली. पडद्यावर हिरवी अक्षरं आली.

अप्पा मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ वाचत राहिले. चार शब्द होते.

"काय निघालं, मामा?" प्रकाशरावांनी विचारलं.

"काय न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम स्टँडवरच्यासारखा झाला. "दोष न्हाई. गाडी सोडायला हरकत न्हाई." आणि डबी काढायला ते खाली वाकले.

सुनंदाचा हात चावीवर होता. मी समोरच बसलो होतो म्हणून मला दिसलं. तिनं चावी मागं फिरवली. गाडीतले सगळे दिवे विझले, टिंगटिंग थांबली, आणि अप्पांच्या हातातल्या मोबाइलवरची हिरवी अक्षरं जाऊन भिंगरी पुन्हा फिरायला लागली.

"अप्पा," ती म्हणाली, "तुटलं वाटतंय. पहिल्यापासनं लावा."

अप्पा वाकलेलेच होते. तिच्या गुडघ्याशी, डोकं खाली घालून.

"व्हय," ते आतून म्हणाले. "हिचं असंच असतंय."

घरात कमळाअक्कांनी आधणात आणखी एक तांब्या पाणी ओतल्याचा आवाज आला.